निसरडा हंगाम

बेसबॉलच्या मैदानावर हॉकी, आणि तीही बर्फावर! कुणी असं सांगितलं तर आपण म्हणू, काहीतरीच काय! पण जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात अगदी हेच घडलं. रिग्ली फील्ड हे तिथलं 1914 सालचं जुनं स्टेडियम. उन्हाळ्यात तिथं हिरवंगार गवत असतं. त्या दिवशी मात्र मधोमध पांढराशुभ्र बर्फ पसरलेला, वर मोकळं आभाळ, आणि दोन विद्यापीठांच्या मुली हातात स्टिक घेऊन सुसाट धावतायत. धावतायत कसल्या, घसरतायत! एका बाजूला ओहायो स्टेट, दुसरीकडे विस्कॉन्सिन. त्या दिवशी विस्कॉन्सिन जिंकलं.

विस्कॉन्सिनच्या मुलींना जिंकायची सवयच लागली होती म्हणा ना. 2024-25 च्या हंगामात त्या 41 सामने खेळल्या. 38 जिंकले, 2 बरोबरीत सुटले आणि हरला फक्त एक. आता सांगा, एवढं जिंकायला काय लागतं? सराव लागतो, ताकद लागते, डोकं लागतं. सगळं खरं. पण या मुलींचा आणखी एक भिडू होता, त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही. तो म्हणजे त्यांच्या पायाखालचा जेमतेम अडीच सेंटिमीटर जाडीचा बर्फ.

हो, एवढाच! तुमच्या पट्टीवर मोजून बघा. आइस हॉकीचं मैदान साधारण 61 मीटर लांब आणि 26 मीटर रुंद, पण बर्फाची जाडी बोटाच्या दोन पेरांपेक्षाही कमी. मला आधी वाटायचं, चांगला हातभर तरी जाड असेल. पण जाड बर्फ इथं कामाचाच नाही. बर्फातून उष्णता सावकाश जाते. मैदान गार ठेवणारे पाइप असतात खाली, काँक्रीटच्या लादीत. त्यांतून मिठाचं पाणी किंवा ग्लायकॉल नावाचं, सहजासहजी न गोठणारं द्रव फिरत असतं, शून्याच्या कितीतरी खाली गार केलेलं. वरचा थर पाइपांपासून जितका लांब, तितका तो गार ठेवणं अवघड. मग पृष्ठभाग मऊ पडतो आणि खेळाचा विचका होतो.

बरं, हा बर्फ एकदम बादल्या ओतून करत नाहीत. आधी पाण्याचा बारीक फवारा मारतात, तो गोठू देतात, मग दुसरा, मग तिसरा. मध्येच पांढरा रंग देतात, कारण बर्फ मुळात पारदर्शक. रंग दिला नाही तर खालचं काँक्रीट दिसेल आणि काळा पक, म्हणजे खेळातली चकती, कुठं गेला ते कळणारच नाही. त्यावर लाल-निळ्या रेघा आखतात आणि पुन्हा पाण्याचे फवारे. म्हणजे त्या रेघा बर्फाच्या वर नसतात, आत असतात! शिकागोत उघड्यावर खेळायचं म्हणून हे सगळं तात्पुरतं उभारलं होतं. पाइपांचे पट्टे मैदानावर अंथरायचे आणि मोठ्या ट्रकमधल्या यंत्रातून त्यांत गार द्रव सोडायचं. अशा ठिकाणी थंडीपेक्षा उन्हाची धास्ती जास्त. हवा कितीही गार असली तरी ऊन बर्फाला वरून तापवतंच. तिथं तो पांढरा रंग दुसऱ्यांदा उपयोगी पडतो, बराचसा प्रकाश तो परतवून लावतो.

आता खरा प्रश्न. बर्फावरून घसरायला होतं, पण का? फरशीही गुळगुळीत असते, काचही असते. त्यांच्यावर स्केट घालून कुणी असं सुसाट जाऊन दाखवावं!

पूर्वी पुस्तकांतून एक उत्तर असायचं: स्केटचं पातं बारीक असतं, सगळं वजन त्याच्यावर येतं, दाबामुळे बर्फ वितळतो आणि पाण्यावरून आपण घसरतो. उत्तर छान आहे, पण पुरतं नाही. दाबाने बर्फ वितळतो हे खरं. पण माणसाच्या वजनाने वितळणबिंदू फार तर काही अंशांनी खाली जातो. मग उणे 20 अंशांतही लोक मजेत स्केटिंग करतात ते कसं? आणि साध्या रबरी बुटांनी बर्फावर पाय टाकला तरी माणूस धपकन आपटतो, तिथं कुठं आलंय बारीक पातं?

मायकेल फॅरेडे या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञाने 1850 च्या सुमारास एक साधी गंमत केली. तुम्हीही करू शकता. फ्रिजरमधून बर्फाचे दोन तुकडे काढा. पृष्ठभाग जरासा ओला, चकचकीत दिसू लागला की दोन्ही तुकडे एकमेकांवर दाबून थोडा वेळ धरा. चिकटले? फॅरेडेने अंदाज केला, की बर्फाच्या अगदी वरच्या थरावर पाण्यासारखी पातळ साय कायमच असते. दोन तुकडे चिकटले की ती साय मध्ये अडकते आणि गोठून जाते.

त्याचा अंदाज बराचसा बरोबर निघाला. बर्फाच्या आत पाण्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांनी घट्ट धरलेला असतो. वरच्या थरातल्या रेणूंना मात्र एका बाजूला शेजारीच नसतात. कबड्डीतली साखळी आठवा. मधले दोन्हीकडून धरलेले. टोकाच्या खेळाडूचा एक हात मोकळा, तो जास्त हलतो. तसेच हे वरचे रेणू सैल असतात, थोडे इकडेतिकडे लोळतात. त्यात पात्याच्या घर्षणाची ऊब मिळाली की आणखी सैल. ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी 2018 मध्ये मोजून पाहिलं, तर बर्फ सगळ्यात निसरडा असतो उणे 7 अंशांच्या आसपास. त्याहून गार झाला की वरचे रेणूही जागच्या जागी अडकू लागतात. त्याहून उबदार झाला की बर्फच मऊ पडतो आणि पातं रुतायला लागतं. मजा बघा, हॉकीचा बर्फही साधारण उणे 5-6 अंशांवर ठेवतात! रेणूंचं गणित कळण्याच्या कितीतरी आधी बर्फ राखणाऱ्या लोकांना हे नुसतं खेळून-खेळून उमगलं होतं.

पण नुसतं घसरून चालत नाही. वळायचंय, थांबायचंय. हॉकीच्या स्केटचं पातं जेमतेम 3 मिलिमीटर रुंद, आणि खालून पाहिलं तर मधोमध लांबलचक खोबण. म्हणजे एका पात्याला दोन धारा. सरळ जाताना घर्षण अगदी कमी. पाय तिरका केला की एक धार बर्फात रुतते आणि मुलगी गर्रकन वळते. थांबायचं असेल तर दोन्ही स्केट आडवे करायचे. पात्यांनी खरवडलेल्या बर्फाचा पांढरा फवारा उडतो. वीस मिनिटांचा एक डाव संपेपर्यंत सगळं मैदान असं खरडून निघतं.

मग येतं झांबोनी. फ्रँक झांबोनी हे कॅलिफोर्नियातले गृहस्थ. त्यांच्या घरचा धंदा बर्फाच्या लाद्या पुरवण्याचा. घरोघरी फ्रिज आल्यावर लाद्या कोण घेणार? त्यांनी स्केटिंगचं मैदान काढलं. ते गुळगुळीत करायला काही माणसांना तासभर राबावं लागे. झांबोनींनी खटपट करून 1949 मध्ये यंत्र बनवलं. ते बर्फाचा वरचा थर तासतं, धुतं आणि मागे पाणी पसरत जातं, तेही गरम पाणी! बर्फावर गरम पाणी म्हणजे उलटंच की. पण गरम पाणी वरचे ओरखडे किंचित वितळवून त्यांच्यात नीट मिसळतं, शिवाय त्यात विरघळलेली हवा कमी असते, म्हणून नवा थर टणक आणि स्वच्छ गोठतो.

आणि तो पक! काळ्या रबराची चकती, अडीच सेंटिमीटर जाड, वजन 156 ते 170 ग्रॅम. सामन्याआधी तो चक्क गोठवून ठेवतात. उबदार रबर टणाटण उसळतं, गार रबर मुकाट्याने बर्फालगत सरकतं. केसी ओब्रायन ही विस्कॉन्सिनची खेळाडू अशा सरकत्या पकची जादूगारच. त्या हंगामात तिचे 26 गोल झाले. पण दुसऱ्यांच्या गोलसाठी तिने 62 वेळा पास पुरवले! आइस हॉकीत गोललाही एक गुण आणि गोलच्या आधीच्या पासलाही एक गुण, म्हणजे तिचे झाले 88. वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचं पॅटी काझमायर पारितोषिक तिलाच मिळालं. तिची मैत्रीण लैला एडवर्ड्स हिने 35 गोल ठोकले. मला विचाराल तर ते 62 पास जास्त भारी.

विस्कॉन्सिन विद्यापीठ ज्या मॅडिसन शहरात आहे, तिथं मेंडोटा नावाचं तळं आहे. ते हिवाळ्यात गोठतं, आणि कधी गोठलं, कधी वितळलं याच्या नोंदी लोकांनी दीडशेहून जास्त वर्षं ठेवल्यात. त्या वाचल्या की कळतं, बर्फाचे दिवस कमी होत चाललेत. आपल्याकडे लडाखच्या मुलीही हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर खेळूनच हा खेळ शिकल्या. त्यांचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. भारताच्या महिला संघात बहुतेक जणी लडाखच्याच, आणि 2025 मध्ये त्यांनी आशिया कपमध्ये कांस्यपदक मिळवलं. कुठं? संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनमध्ये, वाळवंटातल्या शहरात! पाइप आणि ग्लायकॉल असलं की झालं.

आता मार्च 2025 मध्ये या. मिनियापोलिस शहर, राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना. समोर कोण? पुन्हा ओहायो स्टेट! सलग तिसऱ्या वर्षी अंतिम फेरीत हेच दोघे. 2023 मध्ये विस्कॉन्सिन 1-0 ने जिंकलं होतं, 2024 मध्ये ओहायो स्टेट 1-0 ने. 2025 मध्ये शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा विस्कॉन्सिन 2-3 ने मागे होतं. अशा वेळी प्रशिक्षक एक धाडस करतात. गोलकीपरला बाहेर बोलावतात आणि तिच्या जागी एक जादा खेळाडू चढाईला पाठवतात. आपला गोल मोकळा, पण हरतच असलो तर आणखी एक गोल खाल्ल्याने असं काय बिघडणार?

गोलसमोर झुंबड उडाली. पंचांनी व्हिडिओ पाहिला आणि ठरवलं, की ओहायो स्टेटच्या खेळाडूने गोलसमोरच्या निळ्या पट्ट्यात पक हाताखाली दाबला. गोलकीपरशिवाय कुणाला तसं करता येत नाही. शिक्षा: पेनल्टी शॉट. घड्याळात उरले होते 18.9 सेकंद. पेनल्टी शॉटमध्ये घड्याळ थांबलेलंच असतं. मैदानाच्या मध्यावरून एकटीने पक घेऊन जायचं, समोर एकटी गोलकीपर, पक सतत पुढे सरकत राहिला पाहिजे आणि फटका एकच. अडवून परत आला तर पुन्हा मारता येत नाही.

गेली विस्कॉन्सिनची कर्स्टन सिम्स. मध्यापासून गोलरेषा सुमारे 27 मीटर. तिने गोल केला! 3-3.

मग जादा वेळ, ज्यात पहिला गोल करेल तो जिंकेल. 2 मिनिटं 49 सेकंद झाले आणि गोलकीपरवरून परत आलेला पक कुणी आत ढकलला असेल? पुन्हा सिम्सनेच! विस्कॉन्सिन 4-3, आणि विद्यापीठाचं आठवं विजेतेपद.

मैदानाबाहेर विस्कॉन्सिनचे प्रशिक्षक मार्क जॉन्सन उभे होते. 1980 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या कॉलेजवयीन पोरांनी बलाढ्य सोव्हिएत संघाला हरवलं होतं, त्या संघात हेच जॉन्सन होते. त्यांनी त्या सामन्यात दोन गोल केले, त्यातला एक पहिला डाव संपायला एक सेकंद उरला असताना. तो सामनाही अमेरिकेने 4-3 नेच जिंकला होता. शेवटच्या सेकंदापर्यंत पकच्या मागे लागायचं, हे त्यांनी आपल्या मुलींना किती वेळा सांगितलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा!