यादी जाहीर, क्रमांक खाजगी

शासनाच्या योजनेचा लाभ कोणाला मिळाला, किती मिळाला आणि कोणत्या निकषावर मिळाला, हे गावाला समजलेच पाहिजे. लाभार्थींची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची प्रथा याच जाणिवेतून रूढ झाली. केंद्राचा माहिती अधिकार कायदा २००५ साली आला. महाराष्ट्राने त्याआधीच स्वतःचा असा कायदा केला होता. यादी जाहीर झाल्याने बोगस नावे उघडकीस येतात आणि वगळल्या गेलेल्या गरजूला दाद मागता येते. तेव्हा यादी लावावी की नाही, हा प्रश्नच नाही. नावापुढे कोणता तपशील असावा, हा खरा प्रश्न आहे.

उमरेड तालुक्याचेच उदाहरण घेऊ. येथे सोयाबीन व कापूस पिकविणारा शेतकरी आहे, तसाच कोळसा खाणीवर राबणारा कामगारही आहे. पीक विमा, नुकसानभरपाई, शिष्यवृत्ती, घरकुल अशा निमित्तांनी या कुटुंबांचे आधार क्रमांक, बँक खाते आणि मोबाइल क्रमांक निरनिराळ्या कार्यालयांत जमा होतात. पूर्वी फलकावरचा कागद गावापुरताच असे. आता त्याचे छायाचित्र व्हॉट्सॲपवरून क्षणार्धात कोठेही पोहोचते आणि ते परत घेता येत नाही.

फसवणूक कशी घडते?

केवळ मोबाइल क्रमांक मिळाला म्हणून कोणी खात्यातून पैसे काढू शकत नाही. परंतु नाव, गाव, योजना आणि मोबाइल क्रमांक एकत्र मिळाले की भामट्याच्या हाती विश्वास संपादन करण्याचे साधन येते. तो शेतकऱ्याला नावाने हाक मारतो, मंजूर रक्कम अचूक सांगतो आणि "हप्ता अडकला आहे" असे म्हणून ओटीपी मागतो. किंवा योजनेच्या नावाची एपीके फाइल पाठवितो. ती मोबाइलवर बसविल्यास त्यावर येणारे बँकेचे संदेशही त्याला वाचता येऊ शकतात. चार गोष्टी खऱ्या निघाल्यामुळे पाचवीही खरी वाटते. ज्या क्रमांकांवरून फसवणूक होत नाही, तेही जाहिरातदारांच्या याद्यांत जातात आणि अनाहूत संदेशांचा भडिमार सुरू होतो.

कायद्याची भूमिका

२०१७ साली केंद्र व राज्य शासनांची खाती आणि शैक्षणिक संस्था यांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थींची नावे, पत्ते व आधार क्रमांक उघड झाल्याची माहिती संसदेत देण्यात आली. वस्तुतः आधार कायदा, २०१६ च्या कलम २९ नुसार आधार क्रमांक असा जाहीर करण्यास मनाई होती व आहे. त्याच वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अंमलात येत आहेत. कामापुरतीच माहिती घ्यावी आणि ती सुरक्षित राखावी, हे त्यातील मुख्य सूत्र आहे.

कार्यालये व शाळांनी घ्यावयाची दक्षता

फलकावरील यादीत लाभार्थीचे नाव, गाव, योजना व मंजूर रक्कम असावी. मोबाइल क्रमांक, बँक खाते व आधार क्रमांक कार्यालयीन प्रतीतच राहावेत. एकाच नावाच्या दोन व्यक्ती असल्यास वडिलांचे किंवा पतीचे नाव, अथवा अर्ज क्रमांक लिहिल्याने काम भागते. आधारची प्रत लागल्यास, जेथे चालत असेल तेथे, शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत घ्यावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांची व पालकांची संपूर्ण यादी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. मात्र अधिकाऱ्यांचे कार्यालयीन दूरध्वनी क्रमांक जनतेसाठीच असतात. खाजगीपणाची सबब सांगून ते झाकणे उचित नव्हे.

नागरिकांना काय सांगावे?

ग्रामसभेत तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. ओटीपी कोणालाही सांगू नये आणि अनोळखी फाइल उघडू नये. नको असलेल्या जाहिराती रोखण्यासाठी १९०९ या क्रमांकावर आपली पसंती नोंदवावी. पैसे गेल्यास संकोच न करता तत्काळ १९३० या मदतवाहिनीवर तक्रार करावी; जितका विलंब, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

गरजू माणूस शासनावर विश्वास ठेवून आपला क्रमांक अर्जावर लिहितो. त्या क्रमांकामुळे त्याचे अनुदानच लुबाडले गेले, तर पुढच्या वेळी तो अर्ज करण्यासही कचरेल. म्हणून फलकावर यादी लावण्यापूर्वी प्रत्येक रकाना एकदा तपासावा. गावाला हिशेब कळावा, पण कोणाच्या घराची किल्ली चव्हाट्यावर टांगली जाऊ नये.