बुरशीची बीजुके आणि श्वासनलिकेची हाक

पावसाळा ओसरला की छत्तीसगढच्या मैदानात भाताच्या कापणीस आरंभ होतो. या दिवसांत रायपुरातील तेलीबांधा तलावाच्या काठी उभे राहणाऱ्यास हवा निर्मळ भासते. परंतु कुजणारा पालापाचोळा, पेंढा व ओलसर भिंती यांवर वाढलेल्या बुरशींची सूक्ष्म बीजुके अशा हवेत तरंगत असतात. ती आपण सर्वच श्वासाबरोबर आत घेतो. मग एकाच घरातील एकास धाप लागते व दुसऱ्यास काहीच होत नाही, असे का?

बीजुकांचा उपद्रव पूर्वीच ध्यानात आला होता. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांनी बुरशीची बीजुके स्वतः हुंगून पाहिली व त्यामुळे जडलेला श्वासनलिकेचा विकार १८७३ साली ग्रंथात नोंदविला. परंतु बीजुक हे केवळ निमित्त होय; विकार घडतो तो शरीराच्या उत्तरामुळे.

निरोगी श्वसनमार्गात चिकट द्रव व हलणारे सूक्ष्म केस बहुतेक बीजुके बाहेर लोटतात, आणि आत पोहोचलेली बीजुके भक्षककोशिका गिळून टाकतात. अल्टर्नेरिया या बुरशीच्या बीजुकांतून मात्र प्रथिने तोडणारी एंझाइमे स्रवतात. त्यांनी अस्तराच्या कोशिका दुखावल्या की, गावच्या जागल्याने आरोळी द्यावी त्याप्रमाणे, त्या कोशिका इंटरल्यूकिन-३३ व टीएसएलपी ही संदेशवाहक प्रथिने सोडतात. त्यांपैकी पहिले कोशिकेच्या केंद्रकात आधीच साठविलेले असल्याने हाक तत्काळ जाते.

ती ऐकून काही रक्षक कोशिका इंटरल्यूकिन-५ व १३ निर्माण करतात. पहिल्याने इओसिनरागी कोशिकांची गर्दी होते, तर दुसऱ्याने कफ वाढतो व नलिका सहज आकुंचन पावू लागते. त्याच वेळी इंटरल्यूकिन-४ च्या प्रभावाने आयजीई हे प्रतिपिंड तयार होते. त्याचा शोध १९६६ च्या सुमारास किमिशिगे व तेरुको इशिझाका या दांपत्याने लावला. हे प्रतिपिंड मास्ट कोशिकांवर चिकटून राहते. तेच बीजुक पुन्हा आले म्हणजे काही मिनिटांतच हिस्टामीन बाहेर पडते व छाती घरघरू लागते. वास्तविक ही सर्व सिद्धता परोपजीवी कृमींशी लढण्यास उपयुक्त. निरुपद्रवी पाहुण्यावर ती चालून जाते, हाच ॲलर्जीचा अनर्थ होय. ही हाक कोणाच्या शरीरात अवास्तव मोठी उठावी, हे काही अंशी आनुवंशिकतेवर अवलंबून असते.

ही साखळी उलगडल्याने उपचारांची दिशा बदलली. केवळ नलिका रुंदावणारे औषध आकुंचन तात्पुरते दूर करते, परंतु दाह तसाच राहतो. हुंगण्याचे स्टेरॉइड तो दाह शमविते. आणि टीएसएलपीची हाकच अडविणारे टेझेपेलुमॅब हे औषध तीव्र दम्यासाठी अमेरिकेत २०२१ साली मान्य झाले.

म्हणून दरवर्षी ठरावीक ऋतूत येणारा खोकला व घरघर साधी सर्दी समजून अंगावर काढू नये. वेळीच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. घरातील ओल घालवावी आणि पेंढा हलविताना नाकातोंडावर घट्ट बसणारा मुखपट्टा बांधावा. हवेतील बीजुके आपण नाहीशी करू शकत नाही. त्यांना मिळणारे उत्तर मात्र सौम्य करता येते.