परागंदा ऋणको : कायद्याची वाट आणि खासगीपणाची वेस

वसुलीच्या कामाशी ज्यांचा संबंध येतो, त्यांना टपालाच्या पाकिटावरील एक शेरा चांगला परिचयाचा असतो : 'पत्ता सोडून गेले'. मिरा-भाईंदरसारख्या शहरात हा शेरा वारंवार वाचावा लागतो. याचे कारण त्या शहराच्या घडणीतच आहे.

पाच ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ साली येथे नगरपरिषद स्थापन झाली. २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत ५ लाख २० हजार असलेली येथील लोकसंख्या २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली होती. उत्तनचा कोळीवाडा किंवा राई-मुर्धे ही जुनी गावे सोडली, तर बहुतेक वस्ती बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांची आहे. अकरा महिन्यांच्या कराराने राहणारी आणि करार संपताच बिऱ्हाड हलवणारी कुटुंबेही त्यांत पुष्कळ आहेत. शिवाय भूगोलही ऋणकोच्या सोयीचा. मिरा रोडहून एक स्थानक दक्षिणेस गेले की दहिसर, म्हणजे मुंबई उपनगर जिल्हा. भाईंदरहून एक स्थानक उत्तरेस, खाडी ओलांडली की नायगाव, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्हा. लोकल गाडीच्या पाच-सात मिनिटांत जिल्हा बदलतो, तहसील बदलते आणि न्यायालयही बदलते.

जामीनदाराची कोंडी

समजा, भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या एखाद्या कारखान्यातील कामगाराने पतसंस्थेकडून कर्ज घेतले. त्याला जामीन राहिले शेजारच्या शाळेतील शिक्षक. कारखाना बंद पडला आणि कामगार कुटुंबासह निघून गेला. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात अन्यथा ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मुख्य ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ अन्वये, सभासदाने तसे संमतिपत्र दिलेले असल्यास, पगारातून परस्पर कपात करता येते. म्हणजे कर्ज घेणारा परागंदा आणि हप्ता मात्र गुरुजींच्या पगारातून. अशा वेळी तो माणूस कोठे आहे याचा शोध घेण्याची इच्छा गुरुजींना झाली, तर त्यात गैर काहीच नाही. संस्थेच्या सचिवालाही तो शोध घ्यावाच लागतो, कारण ठेवीदारांचा पैसा त्याच्या हाती सोपवलेला असतो.

प्रश्न शोध घ्यावा की नाही हा नाही. तो कसा घ्यावा, हा आहे. येथेच एक गैरसमज आड येतो. माणूस प्रत्यक्ष सापडल्याखेरीज कायद्याचे पाऊल पुढे पडणार नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. त्या समजुतीपोटी 'ओळखीच्या माणसाकडून' फोनचा ठावठिकाणा काढणे, मुलांच्या शाळेत चौकशी करणे, नातेवाइकांच्या दारात बसणे असे प्रकार घडतात. वस्तुतः कायद्याची मागणी यापेक्षा पुष्कळ साधी आहे.

कायद्याला काय हवे आहे

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मध्ये समन्स बजावणीचा क्रम सविस्तर दिला आहे. समन्स शक्यतो प्रतिवादीच्या हाती द्यावे. तो घरी नसेल आणि वाजवी वेळात परतण्याचा संभव नसेल, तर कुटुंबातील सज्ञान व्यक्तीस द्यावे. तेही न जमल्यास, आदेश ५, नियम १७ अन्वये, बेलिफाने तो राहतो किंवा व्यवसाय करतो त्या घराच्या बाहेरील दारावर किंवा दर्शनी भागावर समन्सची प्रत चिकटवावी. घर कोणी दाखवले आणि प्रत कोणाच्या समक्ष लावली, याचा अहवाल त्याने नावपत्त्यासह द्यावयाचा असतो. प्रतिवादी बजावणी चुकवण्यासाठी दूर राहत आहे, किंवा अन्य कारणाने नेहमीच्या रीतीने बजावणी होऊ शकत नाही, अशी न्यायालयाची खात्री झाली, तर नियम २० नुसार न्यायालयाच्या आवारात व त्याच्या शेवटच्या ज्ञात घरावर समन्स लावण्याचा, किंवा त्या भागात खपणाऱ्या दैनिकात जाहिरात देण्याचा आदेश होतो. अशी बजावणी प्रत्यक्ष बजावणीइतकीच परिणामकारक मानली जाते.

मात्र त्यासाठी वादीने स्वतः खटपट केलेली असली पाहिजे. समन्स बजावणीविना परत आल्यावर सात दिवसांत नव्या समन्ससाठी अर्ज न केल्यास दावा निकालात निघू शकतो. प्रतिवादीचे राहण्याचे ठिकाण शोधण्याचा शर्थीचा प्रयत्न करूनही ते सापडले नाही, हे वादीने न्यायालयास पटवून दिले, तर मुदत वाढवून मिळते. ही तरतूद आदेश ९, नियम ५ मध्ये आहे. केलेल्या प्रयत्नांची तारीखवार टिपणे, परत आलेली पाकिटे आणि पोचपावत्या यांचे मोल येथे कळते. (नोंदणीकृत टपाल २०२५ साली स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे. जुन्या छापील नमुन्यांतील शब्द आता बदलून घेणे बरे.)

सहकारी संस्थांना दिवाणी दाव्याऐवजी कलम १०१ खालील वसुली दाखल्याचा जवळचा मार्ग आहे. दाखला मिळाल्यावर वसुली अधिकारी कलम १५६ आणि १९६१ च्या नियमांतील नियम १०७ प्रमाणे जप्ती व विक्रीची कार्यवाही करतो.

उघडी दप्तरे

पहिला शोध आपल्याच दप्तरात घ्यावा. कर्जाच्या अर्जावर मूळ गाव, मालकाचे नाव, आधीचा पत्ता, धनादेशाची बँक अशी माहिती ऋणकोने स्वतःच दिलेली असते. कित्येक संस्था ती उघडूनही पाहत नाहीत आणि एकदम खासगी शोधकाकडे धाव घेतात, हे नवल आहे.

यानंतर सार्वजनिक नोंदी. मतदार यादी कोणालाही पाहता येते. त्याहून उपयोगी नोंद दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात असते. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ नुसार स्थावर मालमत्तेच्या दस्तांचे पुस्तक क्रमांक १ आणि त्याच्या सूची विहित शुल्क भरून कोणासही पाहता येतात. 'सूची क्रमांक दोन' हे नाव घर घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरही असा शोध घेता येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने भाडेकरार आणि लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे केले असून, ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. त्यामुळे मिरा रोडहून नालासोपाऱ्यास गेलेल्या माणसाने तेथे रीतसर करार केला असेल, तर त्याचा नवा पत्ता सरकारी दप्तरात उघडा असण्याचा संभव असतो. करार नोंदवलाच नसेल, तर अर्थातच हा मार्ग खुंटतो.

मूळ गावचा सातबारा आणि खाते उतारा हीदेखील उघडी नोंद आहे. ऋणको तेथे राहत असेलच असे नाही. परंतु धनकोला अखेर माणसापेक्षा मालमत्तेचाच पत्ता हवा असतो. हुकूमनामा झाल्यावर तो संहितेच्या कलम ३९ अन्वये त्या गावच्या न्यायालयाकडे पाठवता येतो. जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होणारी रक्कम असेल, तर महसूल वसुली अधिनियम, १८९० नुसार एका जिल्ह्याचा जिल्हाधिकारी दुसऱ्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्याकडे दाखला पाठवतो.

शेजाऱ्यांकडे चौकशी करण्यास मनाई नाही. 'अमुक गृहस्थ कोठे राहावयास गेले?' एवढे विचारावे. ते का हवे आहेत, किती रुपये थकले आहेत, हे जिन्यात सांगत सुटणे हा वेगळा प्रकार होय, आणि तो बदनामीच्या फिर्यादीपर्यंत जाऊ शकतो.

बंद दारे

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय पुट्टस्वामी प्रकरणात दिला. कर्ज थकल्याने हा हक्क संपत नाही. फोनच्या कॉलचे तपशील खासगी व्यक्तीस मिळण्याची कायदेशीर सोय नाही. दूरसंचार अधिनियम, २०२३ ने अशी माहिती अनधिकृतपणे मिळवण्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली आहे. हे उदाहरण दूरचे नाही. २०१८ च्या आरंभी ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने कॉलचे तपशील बेकायदा मिळवून विकण्याचा प्रकार उघडकीस आणला व त्यात काही खासगी गुप्तहेरांना अटक केली. खासगी गुप्तहेर संस्थांच्या नियमनासाठी २००७ मध्ये राज्यसभेत मांडलेले विधेयक कायद्यात उतरले नाही. तेव्हा 'परवानाधारक गुप्तहेर' या पाटीला कोणी फार भुलू नये. आधारची ओळखविषयक माहितीही उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशापेक्षा कमी दर्जाच्या न्यायालयाच्या आदेशाने उघड होत नाही.

येथे मुख्याध्यापक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांचा थेट संबंध येतो. वसुलीचा माणूस शाळेत येऊन मुलाचा नवा पत्ता किंवा दाखला कोणत्या शाळेने मागवला हे विचारतो. मुलाची नोंद वडिलांच्या कर्जासाठी केलेली नसते. तोंडी मागणीवर ती देऊ नये. न्यायालयाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा लेखी आदेश असल्यास आदेशापुरतीच माहिती द्यावी व आवक-जावकास नोंद ठेवावी. माहिती अधिकाराच्या अर्जातूनही हा मार्ग निघत नाही, कारण त्या कायद्यात वैयक्तिक माहितीस अपवाद केलेला आहे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. कायदेशीर हक्क वा दावा बजावण्यासाठी आवश्यक असलेल्या माहितीच्या वापराला त्याच्या कलम १७ ने सवलत दिली आहे. वित्तीय संस्थेचे कर्ज थकवणाऱ्याची मालमत्ता व देणी शोधण्यासही, अन्य कायद्यांच्या मर्यादेत, मुभा आहे. मात्र ती माहिती सुरक्षित राखण्याचे कर्तव्य या सवलतीनेही सुटत नाही. थकबाकीदारांची यादी फोनवरील गटात फिरवणाऱ्या सचिवांनी एवढे ध्यानात घ्यावे.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर दूरध्वनी करण्यास, तसेच ऋणकोचे नातेवाईक, मित्र व संदर्भ दिलेल्या व्यक्तींच्या खासगी जीवनात शिरण्यास मनाई केली. त्याच वर्षी कर्ज देणाऱ्या ॲपना फोनमधील संपर्क यादी वाचण्यासही बंदी झाली. सावकारी व्यवहारात तर ऋणकोचा पाठलाग करणे किंवा त्याच्या घराभोवती घुटमळणे हा उपद्रव म्हणून शिक्षेस पात्र आहे.

थकबाकीची भीती हे केवढे हत्यार असते, हे मिरा रोडने पाहिले आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी तेथील कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकेतील नागरिकांना, आपण तेथील कर खात्याचे अधिकारी आहोत असे भासवून व अटकेची धमकी देऊन पैसे उकळले जात होते, असा आरोप होता. एखाद्याची देणी व दूरध्वनी क्रमांक भलत्याच्या हाती पडले की काय होते, याचा यावरून अंदाज येतो. खऱ्या बँकेच्या वसुली प्रतिनिधीकडे ओळखपत्र व बँकेचे अधिकारपत्र असावे लागते. ते मागण्यात संकोच नसावा.

सापडल्यानंतर

आडमार्गाने केलेली घाई अखेर धनकोच्याच अंगावर येते. भलत्याच दारावर समन्स चिकटवून मिळवलेला एकतर्फी हुकूमनामा, रीतसर बजावणी झाली नव्हती असे ऋणकोने दाखवल्यास, आदेश ९, नियम १३ नुसार रद्द होतो. त्यासाठी त्याला हुकूमनामा कळल्यापासून ३० दिवस मिळतात. मग दोन-तीन वर्षांची खटपट वाया जाऊन दावा पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

ऋणको सापडला आणि त्याच्याजवळ खरोखरच काही नसले, तर केवळ दारिद्र्यापायी त्याला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात स्पष्ट केले आहे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही. अशा वेळी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून लोकअदालतीत हप्ते बांधून घेणे उभयपक्षी सोयीचे ठरते. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते.

आणि आपले गुरुजी? त्यांनी भरलेली प्रत्येक रक्कम मूळ ऋणकोकडून परत मिळवण्याचा हक्क करार अधिनियमाच्या कलम १४५ ने त्यांना आहे. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे त्यासाठी रक्कम भरल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. तेव्हा पगारपत्रकातील कपातीच्या नोंदी आणि संस्थेच्या पावत्या त्यांनी पहिल्या हप्त्यापासून जपून ठेवाव्यात, आणि ऋणकोच्या कर्जअर्जाची प्रत संस्थेकडे लेखी मागून घ्यावी.