पटव्यांची हवेली आणि मिटलेली वाट

जैसलमेरला गेलेला माणूस किल्ला पाहतो, उंटावर बसतो आणि १९७१च्या लढाईचे लोंगेवाला ठाणेही पाहून येतो. पाहायलाच हवे ते. माझा पाय मात्र पटव्यांच्या हवेलीत अडकला. हयात बँकेत गेलेली, दुसरे काय होणार!

गुमानचंद पटवांनी १८०५च्या सुमारास पाच मुलांसाठी पाच हवेल्या बांधायला घेतल्या. पिवळ्या दगडातली ती नक्षी पाहताना वाटते, या ओसाड मुलखात एवढा पैसा आला कुठून? सिंधकडे जाणारे उंटांचे तांडे इथून जात. गाव वाटेवर होते, म्हणून सावकारी होती, हुंडी वटत होती. मुंबई बंदर वाढले तशी ही वाट ओसरली आणि १९४७च्या फाळणीत मिटली.

बाडमेरमार्गे सिंधला जाणारी रेल्वे तेवढी उरली. तीही १९६५च्या युद्धात थांबली. २००६ मध्ये ‘थार एक्स्प्रेस’ म्हणून परतली, ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा बंद झाली. पंजाबातली अटारीची वाट एप्रिल २०२५ मध्ये मिटली. पलीकडच्या उमरकोटचे सोढा राजपूत मात्र आपल्याच कुळात लग्न करत नाहीत. पिढ्यानुपिढ्या त्यांच्या सोयरिका राजस्थानात होत आल्या. तिकडच्या लेकी इकडे नांदताहेत, आणि माहेर सीमेपार आहे.