मातीवाचून हासा



सेदरच्या ताटात मारोर म्हणून आपल्यापैकी पुष्कळ घरांत हासा, म्हणजे लेट्यूसची पाने ठेवतात. यंदाचा पेसाह आम्ही जुफैरला मुलाच्या घरी केला. तेथे हासा बाजारात मिळतो, पण तो घरी वाढवावा असे आमच्या मनात आले. बाहरेनमध्ये वर्षाला १०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही, नळाला येते ते बहुतेक समुद्राचे गोडे केलेले पाणी, आणि सातव्या मजल्यावर माती कुठली? म्हणून आम्ही मातीवाचून शेती, म्हणजे हायड्रोपोनिक्स, करून पाहिली.

माती रोपाला चार गोष्टी देते: आधार, पाणी, क्षार आणि मुळांना हवा. या चारही मिळाल्या तर मातीचे अडत नाही. झाकणाचा एक डबा घ्यावा. तो आरपार दिसणारा नसावा, कारण उजेड आत गेला की शेवाळ धरते. झाकणाला भोके पाडून जाळीचे पेले बसवावेत व त्यांत नारळाच्या काथ्याचा भुसा घालून रोप लावावे. नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह वगैरे असलेले हायड्रोपोनिक्सचे खत पाकिटावरील मापाने पाण्यात विरघळवावे. पाण्याचा सामू ५.५ ते ६.५ असावा.

आरंभी पाणी पेल्याच्या बुडाला टेकलेले असावे. रोप पाणी पिते तशी पातळी उतरते आणि उघडी पडलेली वरची मुळे हवा घेतात. हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रीत. हिला पंप लागत नाही.

येथेच आम्ही चुकलो. जन्मभर मुलांना विज्ञान शिकविले, आणि मायेपोटी रोज डबा काठोकाठ भरीत गेलो! त्यात डबा बाल्कनीच्या उन्हात. पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो. दहा दिवसांत मुळे तपकिरी झाली व रोपे मेली.

पेसाहला सहा आठवडे उरले होते. पुन्हा बी पेरले, डबा खोलीत खिडकीशी ठेवला आणि मुळांजवळची मोकळी जागा भरली नाही. सेदरच्या रात्री पाने तळहाताएवढीच होती, पण सर्वांना पुरली.

ही विद्या आपल्या लोकांना नवी नाही. शमिताच्या वर्षी जमीन पडीक ठेवूनही भाजी मिळावी म्हणून इस्राएलात हाफेत्झ हाईम या किबुत्झने ती पूर्वीच हाती घेतली होती.

घरी करून पाहा. फक्त डबा काठोकाठ भरू नका.