दैवतांचा संचार : भाग ७ – धनुष्यावरचा गोरवय्या

पोतराज आणि मरीआई यांचे विवेचन या भागात व्हायचे होते. ते पुढील आठवड्यावर ढकलावे लागत आहे, कारण औरादच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न बाजूला सारण्याजोगा नाही. खंडोबाच्या जत्रेत वाघ्याच्या अंगात येणारे वारे आणि विजयनगर जिल्ह्यातील हूविन हडगलीजवळच्या मैलार येथे गोरवय्याला, म्हणजे तेथील देवाच्या व्रतस्थ भक्ताला, होणारा संचार, हे एकच की वेगळे, असा तो प्रश्न आहे.

देव एकच आहे. मराठीत खंडोबा, कन्नडमध्ये मैलार आणि तेलुगूत मल्लण्णा म्हणून ओळखला जाणारा हा देव बीदर-उदगीर रस्त्यावरील खानापूरच्या ठाण्यात मैलार मल्लण्णा या जोडनावाने नांदतो, आणि वाण्याची म्हाळसा व धनगराची बाणाई या दोन पत्नींमुळे बाजारपेठ आणि मेंढवाडा अशा दोन्हींकडे त्याची सोयरीक आहे. फरक आहे तो संचाराच्या खुणेत. भंडाऱ्याची पिशवी गळ्यात अडकवलेला वाघ्या लोखंडी लंगर, म्हणजे जाड कड्यांची साखळी, हिसक्याने तोडतो, आणि ती तुटली की देवाचे बळ अंगी आल्याचे भाविक मानतात. तेथे साक्ष देतो तो देह.

मैलारला साक्ष वाणीची असते. माघी पौर्णिमेनंतरच्या कारणिकोत्सवात, म्हणजे देववाणीच्या उत्सवात, व्रतस्थ गोरवय्या उंच उभ्या केलेल्या धनुष्यावर चढतो, ‘सद्दले’ अशी आरोळी देऊन अफाट जनसमुदायाला क्षणात गप्प करतो, एकच वाक्य उच्चारतो आणि वरून कोसळतो. खाली उभे असलेले भक्त त्याला वरच्यावर झेलतात.

धर्मेतिहासाचे अभ्यासक मिर्चा एलियाद यांनी शमनांवरील १९५१ च्या ग्रंथात शमनाचे, म्हणजे भावावस्थेत देवलोकी जाऊन येणाऱ्या मध्यस्थाचे, मुख्य लक्षण आत्म्याचा प्रवास हे मानले आणि नुसत्या अंगात येण्याला दुय्यम स्थान दिले. सायबेरियातील शमन भूर्जवृक्षावर चढतो तो स्वर्गाची पायरी म्हणून. गोरवय्याचे चढणे वरवर तसेच दिसले, तरी तो देवाकडे जात नाही, देवच त्याच्या मुखाने बोलतो, आणि म्हणून येथे ‘शमन’ ही संज्ञा ढिलाईनेच वापरता येते. मात्र या संचाराला दुय्यम ठरवणे मान्य होण्यासारखे नाही, कारण ज्या विधीत तिथी, व्रत, जागा आणि वाक्यांची संख्यासुद्धा परंपरेने बांधून दिलेली आहे, त्यात शिस्तीची उणीव दाखवता येत नाही.

त्या वाक्याचा अर्थ गोरवय्या सांगत नाही. ते बहुधा कोड्यासारखे असते, आणि त्यात पाऊस शोधायचा, पिकांचे भाव शोधायचे की सत्तापालट, हे जत्रेहून परतणारे शेतकरी आणि व्यापारी वाटेत वाद घालत ठरवतात.