फळीवरची वही

पहाटे साडेतीन. गावात पहिला आवाज होतो कवाडाचा, मग बायांच्या हाका सुरू होतात. मे महिन्यात गडचिरोलीतल्या आमच्या कुरखेडा-कोरचीकडच्या गावांत कोंबड्याच्या आधी माणूस उठतो, कारण विडीसाठीचं तेंदूचं पान उन्हाआधी खुडायचं असतं. घरी राहतात फक्त म्हातारे आणि लेकुरवाळ्या. बाकी सगळं घर जंगलात. हंगाम जेमतेम दहा-पंधरा दिवसांचा, पण धानाचं बियाणं, खत, पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च यातूनच निघतो.

मी ग्रामसभेचा दिवाणजी. फळीवर, म्हणजे पान गोळा होतं त्या जागी, पानांचे पुडे मोजायचे आणि वही लिहायची, हे माझं काम. दिवाणजीचं काम एरवी संध्याकाळीच सुरू होतं, पण मी पहाटे बायांबरोबर निघतो. पान कुठल्या भागातून आलं हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला लिहिता येत नाही.

चार वाजता टोळ्या पडतात. एकट्याने जायचं नाही, हा ग्रामसभेचा ठराव. पुढे दोघं पुरुष काठ्या आपटत, मोठ्याने बोलत चालतात. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. पान खुडताना माणूस वाकलेला असतो, मान खाली असते, आणि झुडपाआड त्याला स्वतःच्या शेजारचीही दिसत नाही. त्या घटनेनंतर आमच्या गावाने नाल्यापलीकडचा सगळा भाग सोडून दिला. जंगल तिथेच आहे, झुडपं आहेत, पानंही आली आहेत. वहीत मात्र त्या भागापुढे रेघ.

पाच वाजता उजाडतं आणि हात चालू लागतात. डोळ्यांना सवय झाली की पान निवडावं लागत नाही, हातच निवडतो. कोवळं तांबूस पान सोडायचं, किडीने भोकं पाडलेलं सोडायचं, जाड शिरांचं जून पान सोडायचं. हवं ते मधलं, हाताला कातड्यासारखं लागणारं. हे पान मोठ्या झाडाचं नसतं. ते जमिनीलगतच्या फुटव्याचं असतं, आणि फुटवा हवा तर फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई करावी लागते. कोयत्याने जुनी झुडपं जमिनीजवळ छाटली की दीड महिन्यात खुटावर नवी पालवी तयार होते. कटाईला मजुरी द्यावी लागते. ती वाचवायची असेल तर एक सोपा मार्ग आहे, आणि त्यानेच आमच्या जंगलाचं सगळ्यात मोठं नुकसान केलं आहे. तो म्हणजे आगपेटीची एक काडी. वणव्यानंतरही तेंदू फुटतो, त्याची मुळं खोल असतात. पण त्याच आगीत साग, बीजा, ऐन यांची वर्ष-दोन वर्षांची रोपं जातात, जमिनीवरची घरटी आणि अंडी जातात. पंधरा दिवसांच्या पानासाठी पुढची पन्नास वर्षं जाळायची, हे मला कधीही पटलं नाही. आमच्याकडे आता आग दिसली की ढोल वाजतो आणि गाव हिरव्या फांद्या घेऊन धावतं.

आठ वाजता गाठोडी बांधून माघारी. डोक्यावर ओझं, पाय भरभर. शेजारची मामी म्हणाली, "भाऊ, पयले घरामागंच पान भेटे. आता कोसभर जा लागते." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. पान लांब गेलं याचा अर्थ जवळची झुडपं दरवर्षी ओरबाडली गेली, किंवा त्यांची कटाई झाली नाही. कुठल्याही सरकारी तक्त्यात हे अंतर मिळत नाही.

नऊपासून दुपारपर्यंत घराघरात पुडे बांधणं. ओसरीवर आजीपासून पोरापर्यंत सगळे बसतात. पानाला पान लावून सत्तर मोजायची आणि वाकाने आवळून गाठ मारायची. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे एका गोणीत ७०,००० पानं, आणि त्यातलं प्रत्येक पान कुणीतरी वाकून खुडलेलं.

दुपारच्या उन्हात फळी रिकामी असते. तेव्हा मी जुन्या वह्या काढतो. माझ्या मते या कामातला खरा ऐवज तोच. वडीलधारे सांगतात, पूर्वी कंत्राटदाराचा मुन्शी शंभर पुड्यांमागे वरचे चार-पाच पुडे तसेच ओढून घ्यायचा, त्याची कुठे नोंद नसायची. १९६९ मध्ये राज्याने कायदा करून तेंदूचा व्यापार आपल्या हातात घेतला. जंगलाची युनिटं पडली, त्यांचे लिलाव होऊ लागले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तरी पानाची व्यवस्था तीच राहिली. मग ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आला, २००६ चा वनहक्क कायदा आला. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सुमारे १,८१० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि जिल्ह्यातल्या गावांना वाट दिसली. २०१३ च्या सुमारास काही ग्रामसभांनी स्वतः पान तोडून स्वतः विकायला सुरुवात केली. २०१४ मध्ये राज्याचे पेसा नियम आल्यावर ही संख्या वाढली.

आता कुणी वन विभागाची फक्त युनिटं मोजली, तर त्याला वाटेल की गडचिरोलीत तेंदूचं क्षेत्र घटलं. घटलं नाही. ते ग्रामसभांच्या वहीत गेलं. तोडणीखालच्या जमिनीचे आकडे वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की वही कुणाची आहे.

दुसरा प्रश्न भावाचा. केरळातल्या रबराच्या मळ्यांचं उदाहरण मला इथे नेहमी आठवतं. रबराचं झाड लावल्यावर चीक काढण्याजोगं व्हायला सहा-सात वर्षं लागतात. लावलेली जमीन वेगळी, चिकाला आलेली वेगळी, आणि प्रत्यक्ष चीक काढली ती आणखी वेगळी. भाव पडला की झाडं उभीच राहतात, त्यांना कुणी सुरी लावत नाही. आमचंही तसंच. २०१७ च्या हंगामात पानाला असा भाव आला की लांबलांबचे डोंगरही तोडले गेले. पुढच्याच वर्षी भाव कोसळला, आणि कितीतरी जागची पानं झुडपांवरच जून झाली. त्याच २०१७ मध्ये पानावर १८ टक्के जीएसटी बसला. तो ५ टक्क्यांवर यायला सप्टेंबर २०२५ उजाडला. जंगलाचा आकार या सगळ्यात इंचभरही बदलला नव्हता.

चार वाजता फळी भरते. बाया रांगेत, पुडे ढिगांनी. मी शंभरचा ढीग पुढ्यात घेतो, मधूनच एखादा पुडा सोडून पानं मोजतो. अडुसष्ट भरली तर ती बाई स्वतःच खजील होते, दोन पानं शोधून घालते. वरचे पुडे आम्ही घेत नाही. कार्डावर आकडा, वहीत आकडा, आणि तिने दोन्ही पाहायचे. मग पुडे उघड्या रानात ओळींनी उन्हात मांडायचे, दोन-तीन दिवसांनी उलटायचे. पूर्ण वाळले की पाणी शिंपडून गोणीत भरायचे, नाहीतर पान चुरतं. आज सहाला पश्चिमेकडे काळं भरून आलं. सगळं गाव धावलं, पुडे गोळा करून ताडपत्रीखाली घातले. भिजलेलं पान काळं पडतं आणि व्यापारी ते हातात घेत नाही.

आठ वाजता समाजमंदिरात ग्रामसभा. आज विषय एकच होता: डोंगराखालचा पट्टा यंदा तोडायचा की ठेवायचा? तिथे तेंदूची मोठी झाडं आहेत, फळं अस्वलांना लागतात आणि आमच्या पोरांनाही. कुणीतरी पाचगावचं नाव काढलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातलं हे गाव, २०१२ मध्ये १,००६ हेक्टरचा सामूहिक वनहक्क मिळालेलं. बांबू त्यांनी स्वतः विकला, पण तेंदूपान तोडणं ठरवून बंद केलं. पानासाठी झाडं छाटली जातात, आग लागते, आणि विडी माणसाचं शरीर पोखरते, हे त्यांनी कारण म्हणून सांगितलं. हातचा पैसा सोडून घेतलेला हा निर्णय मला फार मोठा वाटतो. आमच्या गावाची तेवढी तयारी नाही, पैशाची ओढ आहे. पण डोंगराखालचा पट्टा ठेवायचं ठरलं. आधी बाया बोलल्या, मग पुरुष.

दहा वाजता कंदिलाशेजारी दिवसाचा शेवटचा हिशेब. कुटुंबप्रमुखाचं नाव, पुडे, जंगलाचा भाग, कटाई झाली की नाही. आणि यंदा मी एक नवीन रकाना आखला आहे: न तोडलेलं जंगल. त्यात नाल्यापलीकडचा भाग वाघामुळे, डोंगराखालचा पट्टा ठरावाने. गडचिरोली-चंद्रपूरच्या प्रत्येक ग्रामसभेच्या दिवाणजीला माझी विनंती आहे की हा रकाना तुमच्याही वहीत आखा, त्यापुढे कारण लिहा, आणि वही पुढच्या दिवाणजीच्या हातात द्या.